अठरा पूर्ण होण्याआधी : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य



आपल्याकडे मूल एका रात्रीत सज्ञान होते. अठरा पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी त्याने सही केलेल्या कराराला कायद्याच्या लेखी किंमत नसते. दुसऱ्या दिवशी तेच मूल मित्राच्या मोटारसायकलच्या कर्जाला जामीन राहू शकते आणि मित्राने हप्ते थकवले की वसुलीची नोटीस याच्या घरी येते. गिअरच्या गाडीचा परवाना, मतदानाचा हक्क, मुलीचे लग्न कायदेशीर ठरणे, मारामारीत सापडल्यास बाल न्याय मंडळाऐवजी फौजदारी न्यायालय, हे सगळे त्याच एका तारखेला येऊन भिडते. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने एक रेघ आखली; १९८९ मध्ये अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वयही एकवीसवरून त्याच रेघेवर आणले. त्या रेघेपर्यंत मुलाला हात धरून कोणी आणायचे, हे मात्र कुठल्याच कायद्यात लिहिलेले नाही.

ते काम आपल्या खात्याचे आहे असे मी मानते. मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला शिकवते. माझ्यासमोरची बहुतेक मुले वर्ष-दोन वर्षांत ही रेघ ओलांडणार असतात, आणि त्यांना आपण कशासाठी तयार करतो आहोत, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मला आपल्यासमोर ठेवायचे आहे.

आधी अकरावी-बारावीचेच बोलते, कारण सज्ञान होण्यापूर्वीची शेवटची दोन वर्षे ती हीच. विज्ञान शाखेच्या किती वर्गांत मुले खरोखर बसलेली असतात, हे आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक आहे. मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल दिवसभर खासगी क्लासमध्ये, असा सौदा आता कुणी लपवतही नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सुमारास ही मुले ओळखपत्र गळ्यात घालून येतात. प्रयोगशाळा कुठल्या मजल्यावर आहे हे शिपायाला विचारतात. हजेरीपटावर मात्र त्यांची उपस्थिती सलग लागलेली असते. सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये घेऊ नये, असे केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले. त्याने आठवीपासूनच्या फाउंडेशन बॅचच्या जाहिराती थांबलेल्या नाहीत.

या व्यवस्थेत मुलांचा अभ्यास कितपत होतो, यावर वाद होऊ शकेल. माझे दुखणे वेगळे आहे. ज्या वयात मूल मोठ्या माणसांच्या जगात पहिले पाऊल टाकते, त्या वयात आपण त्याला पहिला व्यवहार दाखवतो तो खोट्या हजेरीचा. त्यावर आईवडिलांची संमती असते, शिक्षकाची सही असते, संस्थेचा शिक्का असतो. पुढे हीच मुले रस्त्याच्या कामाची मोजमाप वही लिहिणार आहेत, रुग्णाच्या केसपेपरवर सही करणार आहेत. आम्ही त्यांना नागरिकशास्त्रात काय शिकवले, याची त्यांना तेव्हा आठवण राहणार नाही. हजेरीपटाची राहील.

दुसरी मुले आहेत, त्यांची गोष्ट याच्या नेमकी उलटी. ती शाळेत येण्याआधीच मोठी झालेली असतात. पहाटे उठून धारा काढून, डेअरीला दूध घालून, मग एसटीने वर्गात पोहोचणारा मुलगा. आई ऊसतोडीला गेली म्हणून धाकट्या भावंडांचे सगळे करणारी मुलगी. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली, तेव्हा वडिलांच्या सातबाऱ्यावर पीक कोणी नोंदवले? घराघरांत ते नववी-दहावीच्या मुलांनी केले. गट नंबर, क्षेत्र, बांधावर उभे राहून काढलेला फोटो, नेटवर्क नसेल तर टेकाडावर जाऊन पुन्हा प्रयत्न. पीकविम्याचा अर्ज, आजीच्या निराधार पेन्शनचा हयातीचा दाखला, गॅसची केवायसी हीसुद्धा कामे कुटुंबाच्या पोटाशी जोडलेली आहेत आणि ती पंधरा वर्षांच्या हातांनी पार पडतात.

याच मुलाला वर्गात आम्ही काठावर पास समजतो. त्याने वर्षभर घराचा कारभार सांभाळला, याची नोंद करायला आमच्या प्रगतिपुस्तकात रकाना नाही. त्याहून वाईट म्हणजे, तो जे करतो त्याचा अर्थ त्याला कोणी सांगत नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कांत बँकेचा बोजा का चढतो, फेरफार म्हणजे काय, बहिणीचे नाव वारस म्हणून लागते की नाही, हे त्याने कुणाला विचारायचे? तलाठ्याला तो घाबरतो. आणि मला विचारायचे त्याच्या मनातही येत नाही, कारण शाळेत असले काही विचारायचे नसते, हे तो पहिलीपासून शिकलेला असतो.

अभ्यासक्रमात काहीच नाही असे मी म्हणत नाही. आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज आहे. दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचे चांगले प्रकरण आहे. जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, सगळे त्यात येते. माझे विद्यार्थी शेअरवरची दलाली अचूक काढून बारावीत येतात. पण ‘महिना दोन टक्के’ म्हणजे वर्षाला किती, आणि फ्लॅट दराचे कर्ज घटत्या शिलकीच्या कर्जापेक्षा महाग का पडते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. पगाराच्या पावतीवर भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के कापले जातात तेव्हा मालकानेही तेवढेच भरायचे असतात, हे आयटीआयला निघालेल्या मुलाला माहीत नसते. मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणारे अॅप त्याला माहीत असते. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, हे माहीत नसते. प्रकरण पुस्तकात आहे, पण ते परीक्षेच्या गणितांपुरते उरले आहे. खऱ्या कर्जाचा कागद, खरा वीज बिलाचा कागद, खरा भाडेकरार शाळेच्या फाटकातून आत येत नाही.

इथे बहुधा आपले अधिकारी म्हणतील, मग जीवनकौशल्यांचा एक विषय सुरू करू. कृपा करून तसे करू नका. ही वाट आपण एकदा चालून पाहिली आहे. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये कार्यानुभव सुचवला, तेव्हा त्यामागे मोठा विचार होता: शेतात, कारखान्यात, घरात होणारे उत्पादक काम शिक्षणाचा भाग व्हावे. त्याचे वर्गात काय झाले? कागदी फुले. आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड. नंतर तर स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्पाच्या वह्या मिळू लागल्या, आणि श्रेणी सगळ्यांना सारखीच. नव्या विषयाला पुस्तक येईल, पुस्तकाला गाइड येईल, गुण येतील, आणि मुले ‘जबाबदार नागरिकाची पाच लक्षणे’ पाठ करतील.

मोठेपण पाठ करून येत नाही, ते अंगावर पडते. घरचा खोंड पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला कोणी जुंपत नाही. त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला लावतात, मोकळी गाडी ओढायला देतात आणि कासरा हातात ठेवतात. शाळेने करायचे ते एवढेच: काम खरे द्यायचे, त्यातली चूक सोसण्याइतकी लहान ठेवायची, आणि जवळ उभे राहायचे.

महाराष्ट्राला हे नवे नाही, म्हणून तर आजची स्थिती जास्त टोचते. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांसाठी काय मागितले ते एकदा पाहावे. मोडी आणि बालबोध वाचता-लिहिता येणे, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, आणि त्याच दमात शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीतीचे आणि आरोग्याचे धडे. शेतकऱ्याच्या पोराला सावकाराचा कागद वाचता यावा, ही त्यामागची तळमळ होती. कागद बदलला आणि सावकार मोबाइलमध्ये आला, तरी मागणी तशीच उभी आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली, स्वतःच्या हाताने कामे करून शिकली. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये झालेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम उभी राहिली, आणि सेवाग्रामची आनंदनिकेतन शाळा २००५ पासून पुन्हा त्या वाटेने चालली आहे. तिथे शेती, स्वयंपाक, सूतकताई आणि सफाई हे शाळेच्या वेळापत्रकातले तास आहेत.

मला मात्र आपले लक्ष पाबळकडे वेधायचे आहे. शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेला हा माणूस नोकरी सोडून तिथे जाऊन राहिला आणि शाळा सोडलेल्या मुलांपासून त्याने सुरुवात केली. त्यातून शाळांसाठी जो कार्यक्रम तयार झाला, तो राज्य मंडळाने आठवी ते दहावीसाठी मान्य केला. आठवड्यातला एक दिवस मुले कामाला उभी राहतात. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. शिकवायला गावातलाच वेल्डर, गावातलाच वायरमन. आणि सगळ्यात महत्त्वाचे, मुलांनी तयार केलेली वस्तू किंवा दिलेली सेवा गावाच्या उपयोगाची असते. बाक मोडला असेल तर तो वेल्ड करायचा, मातीची तपासणी करायची, खर्चाचा अंदाज आधी काढायचा आणि झालेला खर्च नंतर लिहायचा. वेल्डिंगचा सांधा कच्चा राहिला तर बाक मोडतो. तिथे वीसपैकी अठरा गुण देऊन प्रश्न मिटत नाही. खरे काम मुलाला जे सांगते ते मी फळ्यासमोर उभी राहून सांगू शकत नाही.

हा कार्यक्रम आपल्याच राज्यात जन्मला, आपल्याच मंडळाने त्याला मान्यता दिली, आणि तो काही शाळांपुरता राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे उमेदवारी करण्यासाठी सुचवले, आणि २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा असे उद्दिष्ट ठेवले. दहा दिवसांची सहल होऊ शकते, उमेदवारी होत नाही. आपल्या हातात आठवड्याचा एक दिवस आहे, तो द्यावा.

आता जे अवघड आहे ते. शाळेत काम म्हटले की झाडू कोणाच्या हातात जातो, हे आपण सगळे जाणतो. वर्ग मुलींनी झाडायचे आणि पाणी मुलींनी भरायचे. स्वच्छतागृह साफ करायची वेळ आली की ठरावीक वस्त्यांतल्या मुलांची नावे पुकारली जायची, अशा शाळाही या राज्याने पाहिल्या आहेत. त्यामुळे शाळेत मुलांना कामाला लावले या बातमीने पालक संतापतात, तेव्हा त्यांच्या संतापामागे पिढ्यांचा अनुभव असतो आणि तो खरा असतो. म्हणून नियम एकच हवा आणि तो शासन निर्णयातच हवा: काम पाळीने, सगळ्यांना, आणि त्या पाळीत शिक्षक आणि मुख्याध्यापकही. सेवाग्रामला तसेच आहे. मुख्याध्यापकांच्या हातात महिन्यातून एकदा झाडू दिसला की बाकीचे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण भीतीची. वर्गातल्या मुलांना बँकेत नेले, रस्त्यात कोणी पडले, तर चौकशी कोणाची? शाळेच्या बागेचे पैसे विद्यार्थ्यांच्या समितीकडे दिले, हिशेबात दोनशे रुपये कमी आले, तर वसुली कोणाच्या पगारातून? या भीतीने चांगले मुख्याध्यापकही सगळे कपाटात कुलूपबंद ठेवतात, खेळाचे साहित्यसुद्धा. आम्हाला दररोज ऑनलाइन माहिती भरायची असते, तिच्यात मुलांनी केलेल्या चुकीला जागा नसते. मुलांना चुकू द्यायचे असेल तर आधी शिक्षकाला संरक्षण द्यावे लागेल. योग्य काळजी घेऊन दिलेल्या जबाबदारीत नुकसान झाले तर शिक्षकावर कारवाई होणार नाही, असे दोन ओळींचे स्पष्ट परिपत्रक निघाले, तर नव्या विषयाच्या पाचशे पानांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

शरीराबद्दलही लिहिणे भाग आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक प्रश्नांवर बोलणारे मासिक काढले आणि मरेपर्यंत चालवले. त्याच महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदीची भाषा विधिमंडळात झाली. आज दहावीच्या विज्ञानात प्रजननाचे प्रकरण आहे, आणि कितीतरी वर्गांत ते ‘घरी वाचून या’ या वाक्यावर संपते. दरम्यान सोळा-सतरा वर्षांची मुले प्रेमात पडतात, पळून जातात, आणि मुलीची संमती असली तरी मुलावर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, हे दोघांनाही पोलीस ठाण्यातच कळते. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. म्हणजे अनेक मुलींसाठी रेघ येण्याआधीच रेघेपलीकडचे आयुष्य सुरू होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातली एक जागा रिकामी दिसते, मैत्रिणी खाली बघतात, आणि दाखल्यावर कारण लिहिले जाते, ‘स्थलांतर’. दहावीनंतर गावात पुढचे वर्ग नाहीत आणि एसटी वेळेवर नाही, हे या लग्नांचे कारण मी स्वतः पालकांच्या तोंडून ऐकले आहे. मुलगी बारावीपर्यंत शाळेत टिकणे हीच तिच्या मोठेपणाची पहिली तयारी आहे. त्यासाठी वसतिगृह आणि बस लागते. पुस्तकातला धडा तिथे काही करू शकत नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. अकरावी-बारावीची हजेरी खरी करा, आणि ती खोटी लावणाऱ्या संस्थेची मान्यता जाते हे एकदा तरी दिसू द्या. पाबळचा आठवड्यातला दिवस आठवीपासून बारावीपर्यंत, सर्व शाखांना लागू करा. प्रत्येक शाळेत काही रक्कम विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या समितीकडे द्या, खर्चाचा निर्णय त्यांचा असू द्या, आणि हिशेब त्यांनी पालकसभेत उभे राहून वाचू द्या. पोषण आहाराच्या तांदळाचे वजन करताना दोन विद्यार्थी हजर असू द्या आणि त्यांची सही नोंदवहीत असू द्या. शाळेची इमारत गळत असेल तर अर्ज मुलांना लिहू द्या. लोकसेवा हक्क कायदा आणि माहितीचा अधिकार त्यांना तिथे कळेल.

आणि एक गोष्ट अशी, जिला पैसाही लागत नाही. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. बारावीच्या प्रत्येक वर्गात तो मुलांनी स्वतः भरावा. बहुतेक गावांत २६ जानेवारीला झेंडावंदन होते, मुलांना खाऊ मिळतो, ती घरी जातात, आणि मग ग्रामसभा भरते, कितीदा तर शाळेच्याच पटांगणात. येत्या प्रजासत्ताक दिनी नववी ते बारावीच्या मुलांना घरी पाठवू नये, असे परिपत्रक काढा. त्यांना मत देता येणार नाही, पण मागे सतरंजीवर बसता येईल. ग्रामसेवक जमाखर्च वाचतील तेव्हा तो ऐकता येईल, कोण बोलते आणि कोणाला बोलू दिले जात नाही ते पाहता येईल. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला आम्ही शिक्षक त्यावर त्यांच्याशी बोलू. त्यांचे प्रश्न अडचणीचे असतील, आणि काहींची उत्तरे आम्हाला ग्रामपंचायतीत जाऊन आणावी लागतील. त्याची आमची तयारी आहे. आपले परिपत्रक डिसेंबरच्या आत शाळांत पोहोचावे, एवढी विनंती.

आपली विश्वासू,
उच्च माध्यमिक शाळेतील एक शिक्षिका